छोट्या ट्रॅक्टरमागे काय जोडावं? २० ते २८ हॉर्सपॉवरसाठीच्या अवजारांची झडती

ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवर विचारला जातो आणि अवजार घेतानाही तोच विचारला जातो. पहिल्या वेळी ते ठीक आहे. दुसऱ्या वेळी फसगत होते, कारण २० ते २८ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचं इंजिन सहसा कमी पडत नाही, वजन कमी पडतं. पुढची चाकं उचलली जातात, मागची जागेवर फिरतात, लिफ्ट अर्ध्यावर अडकते आणि इंजिन मात्र निवांत चालू असतं. म्हणून इथे प्रत्येक अवजाराला पहिला प्रश्न वजनाचा विचारला आहे, दुसरा पीटीओचा (अवजाराला फिरती ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याचा), आणि इंजिनाचा सगळ्यात शेवटी. (वजनाचा आकडा पत्रकात नसेल तर वजनकाट्यावर अवजार ठेवून घ्या. विक्रेता त्याला तयार नसेल तर तेही एक उत्तरच समजा.)

अवजाराआधी ट्रॅक्टर मोजा

समजा ट्रॅक्टर ८५० किलोचा आहे. रिकामा उभा असताना पुढच्या अ‍ॅक्सलवर ३४० किलो येतात आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर दीड मीटर आहे. मागे २५० किलोचा रोटाव्हेटर उचलला आणि त्याचा भारमध्य मागच्या अ‍ॅक्सलपासून १.२ मीटर मागे पडला, तर पुढून २५० × १.२ ÷ १.५ म्हणजे २०० किलो भार निघून जातो. उरले १४०. स्टिअरिंग ताब्यात राहायचं तर पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या किमान २० टक्के भार हवा, म्हणजे इथे १७०. तीस किलो कमी पडले. पुढच्या अ‍ॅक्सलच्याही ६० सेंटिमीटर पुढे वजनाच्या पाट्या लावल्या, तर एका किलोचे १.४ किलो मोजले जातात. हिशेबाने २२ किलो पुरतील, पण बांध ओलांडताना उचललेलं अवजार उसळतं तेव्हा भार क्षणभर बराच वाढतो, म्हणून ४० किलो लावा. हे गणित अवजार घेण्याआधी कागदावर करायचं. घेतल्यानंतर ते शेताच्या कोपऱ्यावर वळताना कळतं, आणि तिथे स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो.

लिफ्टच्या क्षमतेचा आकडाही नीट वाचावा लागतो. काही पत्रकांत तो खालच्या लिंकच्या (अवजार उचलणाऱ्या मागच्या दोन दांड्यांच्या) टोकाशी मोजलेला असतो, काहींत टोकापासून ६१ सेंटिमीटर मागे. दुसरा आकडा नेहमी लहान आणि जास्त खरा, कारण अवजाराचं वजन टोकाशी नसतं, मागे असतं. टोकाशी ७५० किलो लिहिलं असेल तर आमच्या मते ३५० किलोच्या वरचं अवजार बघूच नका. लिफ्ट ते उचलेलही, पण संथ आणि धक्के देत, आणि हायड्रॉलिकचं तेल तापेल.

पिना. छोट्या ट्रॅक्टरवर बहुतेक कॅटेगरी १ ची जोडणी असते: खालच्या लिंकच्या पिना २२ मिलिमीटर, टॉप लिंकची (वरच्या एका दांड्याची) १९. मोठ्या ट्रॅक्टरची कॅटेगरी २ म्हणजे खाली २८ आणि वर २५. अगदी लहान ट्रॅक्टरवर याच पहिल्या जातीची अरुंद आवृत्ती येते. पिना तेवढ्याच जाड, पण दोन लिंकमधलं अंतर कमी. मोठ्या बॉलमध्ये बारीक पिन बुश न घालता चालवली तर एका हंगामात भोक लांबट होतं, अवजार डोलू लागतं आणि मग दोष गिअरबॉक्सला दिला जातो.

शेवटचं माप मागच्या टायरांचं, बाहेरून बाहेर. हा आकडा खडूने मडगार्डवरच लिहून ठेवा. पुढे तो सारखा लागतो.

रोटाव्हेटर

सगळ्यात आधी घेतला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीच्या मापाचा घेतला जाणारा. इथे इंजिनाचा नव्हे, पीटीओचा हॉर्सपॉवर धरायचा. तो इंजिनापेक्षा साधारण १० ते १५ टक्के कमी असतो, म्हणजे २४ चा ट्रॅक्टर पीटीओवर २० ते २१ च देतो. मध्यम जमिनीत १५ ते १८ हॉर्सपॉवरला ८० ते ९० सेंटिमीटर, २० ते २४ ला एक मीटरच्या आसपास, २६ ते २८ ला १.२ मीटर ही मापं चालतात. जमीन भारी आणि चिकट असेल तर एक माप खाली या. विक्रेता एक माप वर दाखवेल, कारण "चकरा कमी होतात". होतात खरं, पण गिअर एक खाली घ्यावा लागतो आणि वेळ तिथेच जातो.

रुंदीला दुसरी अट टायरांची. रोटाव्हेटरने दोन्ही चाकांच्या खुणा पुसल्या पाहिजेत. टायर बाहेरून बाहेर १०० सेंटिमीटर असतील तर अवजार १०५ ते ११० चं हवं. इंजिनाला तेवढं झेपत नसेल तर चाकं आत घ्या. रिम उलटी बसवून बऱ्याच ट्रॅक्टरांचा पल्ला कमी होतो. तेही जमत नसेल तर अवजार एका बाजूला सरकवून जोडा, म्हणजे निदान एका चाकाची खूण झाकली जाईल. मात्र मग उघडं चाक नेहमी न केलेल्या रानावर ठेवून एकाच दिशेने फेरे घालावे लागतात. पट्ट्या-पट्ट्यांनी ये-जा करण्याची सवय असेल तर हे जाचक वाटेल.

पाती. एल आकाराची पाती काडीकचरा आणि गवत चांगलं कापते, कोरड्या ते मध्यम ओलीच्या जमिनीत तीच घ्यावी. सी आकाराची पाती जास्त वाकलेली, तिचा घास लहान, म्हणून कठीण आणि चिकट मातीत ती कमी ताकद खाते आणि मातीने कमी भरते. एका फ्लँजवर (रोटरच्या दांड्यावरच्या, पाती बसवायच्या चकतीवर) सहा पाती असतील तर त्यातली तीन डावी, तीन उजवी. घासाची लांबी काढायला सोपा हिशेब आहे: ट्रॅक्टर ताशी अडीच किलोमीटर म्हणजे मिनिटाला साधारण ४२ मीटर, रोटर मिनिटाला २१० फेरे, एका बाजूला तीन पाती. ४२ ÷ (२१० × ३) म्हणजे प्रत्येक पाती साडेसहा सेंटिमीटरचा घास घेते. ढेकळं मोठी राहतात म्हणून तक्रार असेल तर आधी गिअर एक खाली घ्या. बारीक माती हवी म्हणून मागची झडप अगदी दाबून ठेवण्याची खोड टाळा. पिठासारखी झालेली माती पहिल्या पावसात थापली जाते आणि वर पापुद्रा धरते, त्यातून कोंब वर येत नाही.

पाती बदलताना धारेची बाजू फिरण्याच्या दिशेला हवी. डाव्या-उजव्याचा क्रम चुकला तर मशीन हिसके देतं आणि पहिला मार गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. म्हणून सगळी पाती एकदम काढू नका, एका वेळी एक काढा, एक बसवा. बोल्टच्या मुंडीवर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. जो निघाला त्याच आकड्याचा घाला. नव्या पात्यांचे नट दोन तास चालवल्यावर पुन्हा आवळायचे, हे जवळपास कुणी करत नाही आणि म्हणून पाती शेतात सापडतात.

गिअरबॉक्समधून रोटरपर्यंत ताकद नेणारा बाजूचा ड्राइव्ह चेनचा की गिअरचा? चेन हलकी असते आणि या ताकदीला पुरते, पण ताण बघत राहावा लागतो आणि ढिली चेन डब्याला घासून डबा फोडते. गिअर जड, टिकाऊ. लिफ्टचं गणित बसत असेल तर गिअर घ्या, बसत नसेल तर चेन घ्यायला लाज वाटू देऊ नका. दोन्हींत ईपी ९० हे जाड गिअर तेल. पहिलं तेल ३० ते ५० तासांत बदला, कारण नव्या दातांचा चुरा त्यातच असतो.

बिघाड बहुतेक एकाच ठिकाणी सुरू होतो: रोटरच्या टोकाच्या सीलपाशी. ठिबकच्या नळीचा तुकडा, सुतळी, वेलाचा दोर शाफ्टला गुंडाळतो, सीलच्या आत शिरतो, तेल झिरपतं, पाणी आणि माती आत जाते, मग बेअरिंग. दिवसाच्या शेवटी इंजिन बंद करून, किल्ली काढून, अवजाराखाली ठोकळे देऊन तो गुंडाळा सुरीने कापून काढायला पाच मिनिटं लागतात.

आणि एक गोष्ट जी पत्रकात कधीच नसते. दरवर्षी त्याच खोलीवर रोटाव्हेटर चालवला की पात्यांच्या टोकाखालची माती लिंपल्यासारखी दाबली जाते. १०–१२ सेंटिमीटरवर हा थर बसतो, पाणी त्यावर थांबतं, मुळं तिथून आडवी पळतात. दोन-तीन वर्षांतून एकदा नांगर किंवा निदान खोल चालणारा कल्टिव्हेटर लागतोच, म्हणून "रोटाव्हेटर घेतला की बाकी काही नको" हे खरं नाही.

पीटीओ शाफ्ट: अवजाराबरोबर फुकट येतो, तोच महागात पडतो

बरोबर आलेला शाफ्ट तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाचा असेलच असं नाही, आणि छोट्या ट्रॅक्टरला तो बहुधा लांबच होतो. लांब शाफ्ट अवजार उचलताना किंवा उतरवताना आतल्या आत टेकतो आणि ट्रॅक्टरच्या पीटीओचं बेअरिंग नाहीतर अवजाराचा गिअरबॉक्स ढकलतो. नवं अवजार पहिल्याच आठवड्यात तेल गाळायला लागलं तर सीलच्या आधी शाफ्ट तपासा.

कापायची रीत अशी. अवजार जोडा, शाफ्टचे दोन तुकडे वेगळे करून एक ट्रॅक्टरला, दुसरा अवजाराला लावा. लिफ्ट हळूहळू वर-खाली करून दोन्ही टोकांतलं अंतर सगळ्यात कमी कुठे होतं ते शोधा. बहुतेक वेळा पीटीओ आणि गिअरबॉक्स एका रेषेत येतात तिथे. त्या जागी, इंजिन बंद करून आणि अवजाराला आधार देऊन, दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी धरा आणि आत २५ ते ४० मिलिमीटर मोकळीक राहील अशी खूण करा. जेवढी नळी कापाल तेवढंच दोन्हींकडचं प्लॅस्टिकचं कव्हर कापायचं. कड कानसून गुळगुळीत करा, चुरा पुसा, ग्रीस लावा. मग उलट तपासणी: काम करताना शाफ्ट जास्तीत जास्त ताणला जातो त्या जागी दोन नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीने अडकलेल्या असल्या पाहिजेत. तेवढ्या नसतील तर जास्त कापला गेला, नवा आणा. वेल्डिंग करून लांब केलेला शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरवायची वस्तू नव्हे.

दोन तुकडे जोडताना आतल्या बाजूचे दोन्ही योक (सांध्यातला क्रॉस धरणारे दुबेळके) एकाच रेषेत हवेत. एक खाच चुकली तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, मशीन गुरगुरतं आणि क्रॉसची बेअरिंगं जातात. फिरता असताना कोन १५–२० अंशांच्या आत ठेवा. म्हणजे वळताना अवजार जमिनीपासून जेमतेम सुटेल एवढंच उचलायचं, किंवा पीटीओ बंद करून मग उचलायचं. लिव्हरला वरची मर्यादा लावायचा स्क्रू किंवा अडसर असतो, तो एकदा बसवून टाका.

शिअर बोल्ट तुटतो म्हणून त्याजागी कडक बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालणं हा सगळीकडचा आजार आहे. तो बोल्ट तुटण्यासाठीच दिलेला असतो, नाहीतर गिअरचे दात तुटतात. घर्षण-क्लच असेल तर वेगळी काळजी. पावसाळाभर उभ्या मशीनच्या क्लचच्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात आणि मग तो घसरतच नाही. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगचे नट मोजून ढिले करा, काही क्षण क्लच घसरू द्या, आणि मोजून तेवढेच परत आवळा. कव्हर नसलेला शाफ्ट फिरवू नये, आणि उपरणं, पदर, सैल बाही घेऊन त्याच्या जवळ जाऊ नये.

नांगर

इथे वजनाचा मुद्दा सगळ्यात उघडा पडतो. २५ सेंटिमीटर रुंद आणि १८ खोल तास म्हणजे ४५० चौरस सेंटिमीटर माती. भारी जमिनीत चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो ओढ धरली तर एका फाळाला ३१५ किलो लागतात. मागची दोन चाकं ओढणारा ८५० किलोचा ट्रॅक्टर बऱ्या जमिनीत आपल्या वजनाच्या ४० ते ४५ टक्के ओढतो, म्हणजे ३४० ते ३८०. एक फाळ जेमतेम बसला. दुसरा फाळ लावला तर ६३० किलो, विषय संपला. ताशी चार किलोमीटरला ३१५ किलोची ओढ म्हणजे पाच हॉर्सपॉवरसुद्धा नाहीत. गिअर आणि टायरांमधली घट धरली तरी आठ. २४ चं इंजिन बाकीचे वापरूच शकत नाही. चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर असेल तर वजनाच्या निम्म्याच्या थोडा वर जातो, पण दोन फाळांना तोही पुरत नाही.

तेव्हा घ्यायचा तो एका फाळाचा पलटी नांगर. हायड्रॉलिकने पलटणारा चांगला, पण त्याला ट्रॅक्टरवर बाहेरचा दुहेरी हायड्रॉलिक व्हॉल्व्ह लागतो आणि वजन वाढतं. दांड्याने पलटणारा या ताकदीला पुरेसा आहे. साधा एकाच बाजूला माती टाकणारा नांगर हलका पडतो, पण रानाच्या मध्ये उंचवटा आणि कडेला चर सोडतो. सपाट रान आणि पाणी द्यायचं असेल तर तो नको.

एक बारीक मुद्दा: ८.३ इंची टायर साधारण २१ सेंटिमीटर रुंद असतो. ८ इंची नांगराने काढलेल्या तासात तो मावत नाही, शेजारची पलटलेली माती दाबत जातो. म्हणून १० इंची फाळ, जरी खोली थोडी कमी ठेवावी लागली तरी.

साधा नांगर लावण्याची सोपी युक्ती म्हणजे पक्क्या जागेवर डावी चाकं तासाच्या खोलीएवढ्या फळीवर चढवायची, नांगर खाली टेकवायचा आणि उजव्या लिफ्टरॉडने चौकट आडवी समतल करायची. पलटी नांगराला दोन्ही लिफ्टरॉड सारखे ठेवून नांगरावरच्या दोन टेकू-बोल्टांनी हेच करायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. टॉप लिंक एवढीच आखूड की फाळाचं टोक टाचेपेक्षा किंचित खाली राहील. चेक चेन (खालच्या लिंकना बाजूला डोलू न देणाऱ्या साखळ्या) दोन्हीकडे थोड्या ढिल्या. नांगराला आपली वाट धरू द्यावी लागते. रोटाव्हेटरला नेमकं उलट, तिथे त्या ताठ हव्यात.

नांगर जमिनीत शिरत नसेल तर त्यावर दगड ठेवू नका. फाळाचं टोक झिजून बोथट झालेलं असतं. टोक बदला किंवा लोहाराकडून काढून आणा. ट्रॅक्टरला ड्राफ्ट कंट्रोल (ओढ वाढली की अवजार आपोआप थोडं उचलणारी सोय) नसेल, आणि छोट्यांपैकी बऱ्याच जणांना नसतो, तर खोलीचं चाक असलेलाच नांगर घ्या. नाहीतर दिवसभर लिव्हर हातात राहतो.

चाक किती घसरतं हे मोजता येतं. टायरवर खडूची खूण करा, अवजार उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर जातं ते बघा, मग त्याच रानात कामात असताना बघा. आधी २९ मीटर आणि नंतर २५ भरले तर घसरण १४ टक्के, म्हणजे ठीक. १५ च्या वर गेलं की डिझेल आणि टायर दोन्ही जळतात. मागच्या टायरांत पाणी भरा (व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत), किंवा खोली दोन सेंटिमीटर कमी करा. दुसरा उपाय फुकट आहे.

कल्टिव्हेटर

पाच दात्यांचा घ्या. शंभर किलोच्या आसपास वजन, पीटीओ नाही, शाफ्ट नाही, बिघडण्यासारखं काही नाही. पहिलं अवजार हेच असावं असं आमचं स्पष्ट मत आहे. दगड-मुळं असलेल्या रानात स्प्रिंगचा, स्वच्छ रानात बिनस्प्रिंगचा. मऊ स्प्रिंग कठीण जमिनीत मागे झुकते आणि वर समान दिसणारं रान खाली उंच-सखल राहतं. दोन दाती नेमकी चाकांच्या मागे येतील अशी सरकवा. फाळ दोन्ही टोकांनी वापरता येतात, एक टोक झिजलं की उलटवा.

पेरणी यंत्र

छोट्या ट्रॅक्टरवर तीन ते पाच फणांचं झेपतं. दाणे मोजून सोडणारा भाग बघून निवडा. खाचांचा रोलर बारीक आणि मध्यम बियांना चांगला, पण टपोऱ्या, नाजूक सालीच्या बियांना तो चिरडतो. त्यांना तिरकी तबकडी, आणि प्रत्येक बियाण्याच्या मापाची तबकडी वेगळी. विकत घेतानाच विचारा की तुमच्या पिकांच्या तबकड्या मिळतात का, नुसत्या "मिळतील" वर थांबू नका.

पेरणीआधी मोजमाप केल्याशिवाय रानात जाऊ नये. पाच फण, ३० सेंटिमीटर अंतर, म्हणजे रुंदी दीड मीटर. १०० चौरस मीटरला ६६.७ मीटर चालावं लागेल. चालकचाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर घेर १.२६ मीटर, म्हणजे ५३ फेरे. यंत्र उचलून धरा, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा, चाक ५३ वेळा फिरवा, बी तोला. जेवढे ग्रॅम भरले त्याला ४० ने गुणलं की एकराचं प्रमाण निघतं (१०० ने गुणलं तर हेक्टरचं). पिशव्या वेगवेगळ्या तोलायला विसरू नका. एकूण बरोबर आणि एक नळी निम्मी, असं सर्रास होतं. रानात चाक पाच ते दहा टक्के घसरतं, म्हणून तेवढं जास्त सोडा.

नळ्या तुंबण्याचं कारण बहुतेकदा चालकच असतो. उभ्या ट्रॅक्टरवरून यंत्र खाली टेकवलं किंवा फण जमिनीत असताना मागे घेतलं की मातीचं बूच बसतं. ट्रॅक्टर चालू लागल्यावर हळू उतरवा. खताची पेटी रोज रिकामी करा. खत हवेतली ओल ओढतं, रात्रीत गोळा होतो आणि पत्रा खातो.

फवारणीचा ब्लोअर

२०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो पाणी, अधिक १२० किलो मशीन, आणि भारमध्य रोटाव्हेटरपेक्षाही मागे. वरचं गणित पुन्हा करून बघा. उतारावर पाणी हिंदकळतं ते वेगळं. या वजनाच्या ट्रॅक्टरला ओढायचा, स्वतःच्या चाकांवरचा ब्लोअर जास्त सुरक्षित. ओळींच्या शेवटी वळायला जागाच नसेल तरच लिफ्टवर उचलायचा, आणि तोही टाकी १५० लिटरच भरून.

ताकद पंप खात नाही, पंखा खातो. पंख्याची ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ५४० ऐवजी ४८६ वर, म्हणजे दहा टक्के कमी चालवला तर हवा दहा टक्केच कमी होते पण ताकद २७ टक्के वाचते. झाडं लहान असताना याचा सरळ फायदा घ्या.

हेक्टरी किती पाणी जातं ते अंदाजाने सांगू नये. सगळ्या नोझलचं मिनिटाचं पाणी लिटरमध्ये मोजा, ६०० ने गुणा, आणि ताशी वेग गुणिले ओळींतलं अंतर यांनी भागा. मिनिटाला ८ लिटर, वेग ४, ओळी २.४ मीटर: ४८०० ÷ ९.६, म्हणजे हेक्टरी ५०० लिटर. पाणी वाढवायला दाब वाढवणं हा वाईट मार्ग आहे. दुप्पट पाण्याला चौपट दाब लागतो आणि थेंब धुक्यासारखे उडून जातात. नोझल बदला. नव्यापेक्षा १० टक्के जास्त पाणी देणारं नोझल झिजलेलं समजा, जरी फवारा डोळ्यांना ठीक दिसला तरी.

ट्रॉली

ब्रेक नसलेली ट्रॉली मालासकट ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जड करू नका, म्हणजे आपल्या ८५० किलोच्या ट्रॅक्टरला पावणेतेराशे किलो. ओढायला तो याच्या दुप्पट ओढेल. थांबवणार नाही. उतार लागण्याआधी खालचा गिअर टाका, उतारात क्लच दाबू नका. आणि काहीही ओढायचं ते खालच्या ड्रॉबारवरूनच. टॉप लिंकच्या कानाला साखळी अडकवून खुंट उपटायला गेलं की पुढचा भाग वर जातो आणि ट्रॅक्टर मागे उलटतो, क्लचपर्यंत पाय पोचायच्या आत.

भाड्याने आणावीत अशी

सबसॉयलर: ४० सेंटिमीटर खोल एक दातं ओढायलाही हा ट्रॅक्टर हलका आहे, मोठा भाड्याने सांगा. पुढचा लोडर: पुढचा अ‍ॅक्सल त्याच्या भारासाठी बेतलेला नसतो, मागे वजन न लावता उचलला तर मागची चाकं हलकी होतात. खड्डे घेण्याचं यंत्र वर्षातून दोन दिवस लागतं. आणलंच तर इंजिनाचे फेरे कमी ठेवा, एकदम खोल न जाता थोडं-थोडं खोदून माती वर काढत जा. अडकलेला ऑगर (खोदणारा पिळाचा दांडा) लिफ्टने उपटू नका. पीटीओ आणि इंजिन बंद करून मोठ्या पाइप पान्याने उलटा फिरवा. गवत कापायचं स्लॅशर मात्र फळबागेत विकत घेण्यासारखं आहे. त्याची जड पाती पीटीओ बंद केल्यावरही फिरत राहते आणि साध्या क्लचच्या ट्रॅक्टरला पुढे ढकलते, म्हणून शाफ्टवर एकाच दिशेने ओढणारा क्लच असल्याची खात्री करा.

जुनं घेताना

जुना रोटाव्हेटर उचलून ठोकळ्यांवर ठेवायला सांगा. रोटर दोन्ही टोकांना पहार लावून वर-खाली हलवा. खडखड ऐकू आली तर बेअरिंग गेलं आहे. लेव्हल-प्लग उघडा. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेलेलं आहे, चकचकीत चुरा दिसला तर दात झिजताहेत, आणि नुकतंच भरलेलं अगदी स्वच्छ तेल असेल तर जुनं का बदललं ते विचारा. फ्लँजच्या बोल्टांच्या भोकांभोवती बारीक भेगा शोधा, ताजा रंग असेल तिथे नखाने खरवडून. खालच्या लिंकच्या पिना काढून बघा, एका बाजूने खाल्लेल्या असतील तर अवजार तिरकं चाललेलं आहे आणि चौकट वाकलेली असू शकते. ते तपासायला दोरी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, दोन्ही कर्णांवर धरा. फरक एका बोटाच्या वर असेल तर ते परत ट्रॉलीत चढवू नका.